म्हशीची पेंड आणि कोंबडीचे खाद्य



कळवणच्या बाजारात पेंडीच्या दुकानापुढे घटकाभर उभे राहा. म्हशीसाठी सरकीच्या पेंडीचे पोते घ्यायला आलेली एखादी बाई जाता जाता विचारते, "काय हो दादा, ही कोंबड्यांना घातली तर चालेल का?" दुकानदार गिऱ्हाइकाला कशाला नाही म्हणेल? "चालते की ताई! एवढ्या मोठ्या म्हशीला चालते, तर कोंबडीला न चालायला काय झाले?" हे उत्तर ऐकायला अगदी रास्त वाटते. ते चूक आहे. का चूक आहे, आणि कुठे थोडेसे बरोबरही आहे, एवढेच आज मी आपणांपुढे मांडणार आहे.

आपला कळवण तालुका काही कापसाचा मुलूख नव्हे. गिरणेच्या खोऱ्यात, चणकापूरच्या पाण्यावर कांदा होतो, मका होतो. पश्चिमेकडच्या डोंगराळ गावांत भात, नागली, वरई. पण मालेगाव, येवला, नांदगाव या बाजूला आणि त्यापलीकडे सगळ्या खानदेशात कापूस आहे. कापूस आला की जिनिंग आले, जिनिंग आले की सरकी आली, आणि सरकीचे तेल काढले की पेंड उरते. कोणी तिला ढेप म्हणतात. ती तिकडून इकडे येते आणि सप्तशृंगीच्या गडाच्या पायथ्यापासून अभोण्यापर्यंत गोठ्यागोठ्यांत जाते. तिथून खुराड्यापर्यंतचे अंतर किती? चार पावले.

कोंबडीच्या खाद्यात धान्य लागते तशी प्रथिनेही लागतात. मका घरचा असतो, पण मक्यात प्रथिने थोडी. ती भरून काढायला सोयाबीनची पेंड उत्तम. पण तिचा भाव हाताशी राहीलच असे नाही. २०२१ साली सोयाबीनची पेंड इतकी महाग झाली, की केंद्र सरकारला त्या ऑगस्टमध्ये परदेशातून बारा लाख टन सोयापेंड आणू द्यावी लागली. अशा वेळी मोठा पोल्ट्रीवाला हिशेबनीस ठेवून पर्याय शोधतो. दहा-पंधरा कोंबड्या पाळणारी घरधनीण काय करणार? ती गोठ्यातल्या पोत्यात हात घालते. त्या कोंबड्यांच्या अंड्यांवर मुलांची वही-पेन्सिल, दवाखान्याचे भाडे आणि पाहुणा आला तर त्याचे जेवण अवलंबून असते. म्हणून हा प्रश्न लहान नाही.

सरकीत आहे तरी काय? एक साधा प्रयोग करून पाहा. गुरुजींनी तो वर्गात जरूर करावा. सरकीचे चार दाणे रात्रभर भिजत घाला. सकाळी वरचे काळे टरफल सोला आणि आतल्या पांढुरक्या गराचा ब्लेडने आडवा काप घ्या. त्या कापावर मोहरीहूनही बारीक काळसर ठिपके दिसतील. भिंग असेल तर फारच छान. हे ठिपके म्हणजे किडीचे खाणे नव्हे. त्या कपाशीच्या झाडाने स्वतःच तयार केलेल्या ग्रंथी आहेत. त्यांत एक पिवळे द्रव्य भरलेले असते. त्याचे नाव गॉसिपॉल. इंग्लंडमधील लॉंगमोर या रसायनशास्त्रज्ञाने ते १८८६ मध्ये प्रथम वेगळे काढले. मुंबईला परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय निघाले तेही त्याच साली. हा निव्वळ योगायोग. पुढे १८९९ मध्ये पोलंडच्या मार्खलेव्स्की यांनी त्याला नाव दिले. कपाशीचे शास्त्रीय नाव गॉसिपियम आणि हे द्रव्य फिनॉलच्या जातीचे, म्हणून गॉसिपॉल. सरकी खाऊन जनावरे मरतात त्याचे कारण हेच द्रव्य, हे १९१५च्या सुमारास अमेरिकेत उघड झाले.

झाडाने हे विष आपल्यासाठी केलेले नाही. किडीने आणि उंदराने आपले बी खाऊ नये म्हणून ते केले आहे. कडुनिंब कडू असतो तसेच हे. अमेरिकेत १९५० नंतरच्या दशकात अशा ग्रंथी नसलेली कपाशी तयार झाली. तिची सरकी निर्विष होती. पण ती पिकू लागताच किडींनी तिच्यावर ताव मारला, आणि शेतकऱ्याने तिच्याकडे पाठ फिरवली.

आता म्हशीचा प्रश्न. म्हैस, गाय, शेळी ही रवंथ करणारी जनावरे. त्यांच्या पोटाचा पहिला मोठा कप्पा म्हणजे जणू आंबवणीचा रांजण. त्यात कोट्यवधी सूक्ष्म जीव असतात. तिथे हे गॉसिपॉल प्रथिनांना जखडले जाते आणि त्याचा बराचसा दात पडतो. म्हणून मोठे जनावर माफक सरकी पचवते, दूधही देते. माफक म्हटले, हे ध्यानात ठेवा. सरकीचा डोंगर घातला तर म्हशीलाही बाधते. आणि वासराचा तो रांजण अजून तयार झालेला नसतो. चार-सहा आठवड्यांच्या वासरापुढे सरकी टाकणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणे. डुकराला तर रवंथ नाहीच. त्याच्या हृदयावर घाव बसतो आणि ते धापा टाकीत मरते.

कोंबडीलाही रवंथ नाही. तिला गळ्याशी पिशवी आहे, पुढे खडे घेऊन दळणारी पेटी आहे, पण आंबवणीचा रांजण नाही. खाल्लेले गॉसिपॉल मोकळेच आतड्यात जाते. डुकराइतकी ती नाजूक नाही, एवढेच तिचे नशीब. आणि यातच फसगत आहे. डुक्कर मेले तर माणूस चौकशी करतो. कोंबडी मरत नाही, नुसती खंगत जाते. पिल्ले खाणे कमी करतात, वाढत नाहीत, पाय लटपटतात. गॉसिपॉल शरीरातल्या लोहाला धरून बसते, त्यामुळे तुरा आणि गलोल फिके पडतात. जास्त दिवस चालले तर पोटात पाणी साठते, काळीज बिघडते. अंडी देणारी कोंबडी अंडी कमी करते. खुडूक कोंबडीखाली बारा अंडी ठेवावीत आणि पिल्ले निघावीत चार-पाच, असेही होते. आपण म्हणतो, कोणाची नजर लागली, किंवा वीज कडाडली म्हणून अंडी गेली. पेंडीच्या पोत्याकडे मात्र कोणी बोट दाखवीत नाही. अर्थात तुरा फिका पडायला आणि अंडी घटायला जंत, उवा, गोचिडी अशी दुसरीही कारणे असतात. म्हणून खाद्यात सरकी आहे का हे विचारावे, पण तेवढ्यावर निकाल देऊ नये.

पण खरी ओळख अंड्यात पटते. यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

सरकी खाल्लेल्या कोंबडीचे ताजे अंडे फोडा. काही वावगे दिसणार नाही. बलक पिवळा, पांढरे स्वच्छ. तेच अंडे थंड जागी चार-सहा आठवडे ठेवा आणि मग फोडा. बलक शेवाळी, तपकिरी, कधी जवळजवळ काळपट निघतो. अंडे सडलेले नसते, वास येत नाही, पण रंग पाहून गिऱ्हाईक ते तोंडावर फेकते. हे का होते? बलकात लोह असते, ते प्रथिनांत बांधलेले असते. कोंबडीने खाल्लेल्या गॉसिपॉलचा अगदी थोडा अंशही बलकात उतरतो. अंडे जुने होते तसा त्याच्या कवचाच्या छिद्रांतून कर्बवायू बाहेर पडतो, आतला आम्लपणा कमी होतो, आणि बांधलेले लोह मोकळे होऊ लागते. मोकळे लोह आणि गॉसिपॉल यांची गाठ पडली, की काळसर रंग आलाच.

ही रासायनिक गाठ आपल्या वाडवडिलांना ठाऊक होती, फक्त दुसऱ्या रूपात. हिरड्याच्या काढ्यात हिराकस टाकली की काळी शाई होते. पूर्वीच्या कित्येक पोथ्या अशा शाईने लिहिल्या गेल्या. हिरड्यातले तुरट द्रव्य आणि सरकीतले गॉसिपॉल ही दोन्ही एकाच मोठ्या घराण्यातली, आणि हिराकस म्हणजे लोहाचेच मीठ. गुरुजींना हिरडा मिळाला नाही तर कडक कोऱ्या चहात हिराकशीचा खडा टाकून दाखवावा. पेला क्षणात काळा पडेल. मुलांना सांगावे की साठवणीच्या अंड्यात अशीच काहीशी शाई तयार होते. तो चहा मात्र लगेच ओतून द्यावा. वर्गात एखादा धाडसी पोर असतोच.

इथे एक खुलासा. अंडे फार वेळ उकडले की पिवळ्या बलकाभोवती हिरवट कडे दिसते. ते सरकीचे नव्हे. ते गंधक आणि लोह यांचे कडे आहे आणि कोणत्याही चांगल्या अंड्यात येते. त्यावरून कोंबड्या पाळणाऱ्या बाईशी भांडू नये.

सरकीची दुसरी एक खोड आहे, ती गॉसिपॉलची नव्हे, तेलाची आहे. सरकीच्या तेलात दोन विचित्र स्निग्धाम्ले असतात. पेंडीत तेल राहिले तर ती कोंबडीच्या पोटात जातात. मग साठवलेल्या अंड्याचे पांढरे गुलाबी होते आणि पिवळा बलक घट्ट, लोण्याच्या गोळ्यासारखा. बलकातले लोह पडद्यातून पांढऱ्यात झिरपते, त्याचा हा गुलाबी रंग. तेव्हा शेवाळी बलक पाहिला तर गॉसिपॉल समजावे, गुलाबी पांढरे पाहिले तर तेल समजावे. दोन्ही एकदम दिसली तर घरच्या सरकीवर हात फिरला आहे हे नक्की समजावे.

आता हिशेब करू, कारण विष किती हे मापावर ठरते. गॉसिपॉल दोन अवस्थांत असते: मोकळे आणि बांधलेले. बाधते ते मुख्यतः मोकळे. अख्ख्या सरकीत किलोमागे सुमारे पाच-सहा हजार मिलिग्रॅम मोकळे गॉसिपॉल असते. गिरणीत सरकी तापवून यंत्राने दाबून तेल काढले, की उष्णतेने बरेच गॉसिपॉल बांधले जाते, आणि पेंडीत किलोमागे साधारण दोनशे ते पाचशे मिलिग्रॅम मोकळे उरते. पण पुरेसे न तापवता थेट द्रावणाने तेल काढलेल्या पेंडीत ते हजारापासून पाच हजारांपर्यंत जाऊ शकते. दोन्ही पोती दिसायला सारखी, भावही सारखाच.

अंडी देणाऱ्या कोंबडीच्या तयार खाद्यात किलोमागे पन्नास मिलिग्रॅमच्या वर मोकळे गॉसिपॉल जाऊ देऊ नये, असे जाणकार धरतात. मांसासाठी वाढवायच्या पिल्लांना शंभरापर्यंत चालते. समजा, आपण दहा किलो खाद्यात एक किलो यंत्राची पेंड मिसळली आणि त्या पेंडीत पाचशे मिलिग्रॅम आहे. पाचशे भागिले दहा, म्हणजे किलोमागे पन्नास. अंड्याच्या कोंबडीची मर्यादा इथेच भरली. आता त्याच दहा किलोत पेंडीऐवजी एक किलो भरडलेली कच्ची सरकी घाला. किलोमागे पाचशे ते सहाशे झाले, दहापट, बारापट! पाचवी-सहावीच्या मुलांना हे उदाहरण त्रैराशिकासाठी घालावे. आंबे आणि दोर यांच्या उदाहरणांपेक्षा ते त्यांना जास्त दिवस लक्षात राहील.

म्हणून पहिली गोष्ट पक्की करा. कच्ची सरकी, भरडलेली असो की भिजवलेली, कोंबडीला घालू नये. कोणी म्हणेल, उकडून घातली तर? उकडल्याने मोकळे गॉसिपॉल कमी होते हे खरे. पण ते बांधले जाते कशाला? प्रथिनातल्या लायसिन नावाच्या घटकाला. कोंबडीच्या पिल्लाला वाढायला जे सगळ्यात जास्त हवे त्यालाच ते धरून बसते. सरकीत ते सोयाबीनपेक्षा आधीच कमी. म्हणजे चोराला घरात कोंडले, पण तिजोरीच्याच खोलीत. शिवाय घरच्या पातेल्यात किती बांधले गेले हे कळायला मार्ग नाही.

दुसरे म्हणजे, आपल्याकडे बहुतांशी पेंड टरफलासकट काढलेली असते. तिच्यात प्रथिने शेकडा बावीसच्या आसपास आणि बाकी बराचसा चोथा. म्हैस चोथा पचवते, कोंबडीला तो निरुपयोगी. टरफल काढून केलेल्या पेंडीत प्रथिने शेकडा चाळीसपर्यंत जातात, पण ती गावच्या दुकानात क्वचितच मिळते. तेव्हा विषाची गोष्ट क्षणभर बाजूला ठेवली, तरी पिल्लाचे पोट चोथ्याने भरण्यात स्वस्ताई ती काय?

हिराकशीचा उल्लेख मघाशी आला. ती या विषावर उताराही आहे, आणि यात गंमत आहे: जे लोह अंड्यात काळा रंग करते, तेच खाद्यात घातले तर गॉसिपॉलला आतड्यातच जखडून टाकते आणि अंड्यापर्यंत पोहोचू देत नाही. अंड्याच्या कोंबड्यांसाठी मोकळ्या गॉसिपॉलच्या चौपट लोह धरतात. शुद्ध हिराकशीत पाचवा हिस्सा लोह असते. किलो खाद्यात पन्नास मिलिग्रॅम गॉसिपॉल असेल तर दोनशे मिलिग्रॅम लोह हवे, म्हणजे हिराकस एक ग्रॅम. दहा किलो खाद्याला दहा ग्रॅम. अशा रीतीने लोह घातल्यावर अंड्याच्या कोंबडीला किलोमागे दीडशे आणि मांसाच्या पिल्लाला चारशे मिलिग्रॅमपर्यंत गॉसिपॉल सोसते.

पण हे ऐकून कोणी उठून किराणा दुकानात जाऊ नये. रंगाऱ्याची हिराकस वेगळी, खाद्याच्या प्रतीची वेगळी. हिराकस फिकट हिरवी असते; तपकिरी पडली असेल तर तिचा गुण गेला. आणि निळे खडे दिसले तर ते मोरचूद आहे, तांब्याचे मीठ. त्याने कोंबडी मरेल. लोहसुद्धा अति झाले की अपाय करते. शिवाय दहा ग्रॅम दहा किलोत सारखे मिसळणे सोपे नाही: आधी पूड करून मूठभर पिठात, मग ते पीठ किलोभर भरड्यात, मग सगळ्यांत, असे करावे लागते. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा उद्योग करू नये. माझे स्वतःचे मत विचाराल तर दहा-पंधरा कोंबड्यांच्या घराने या फंदात पडूच नये. पाचशे कोंबड्यांचा शेड असेल, पेंड प्रयोगशाळेत तपासून घेतली असेल, तर गोष्ट वेगळी.

बुरशीची गोष्ट वेगळी काढतो, कारण लोक दोहोंची गल्लत करतात. गॉसिपॉल सरकीत जन्मापासून असते. पेंड कितीही ताजी, कोरडी असली तरी असते. बुरशीचे विष मात्र ओलीने येते, मग पेंड सरकीची असो, भुईमुगाची असो, की मका असो. १९६० साली इंग्लंडात टर्की जातीचे एक लाखावर पक्षी मेले, ते ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीतल्या अशा विषाने. आपल्या देशात १९७४ साली राजस्थान-गुजरातच्या सीमेवरच्या आदिवासी गावांत बुरशी चढलेला मका खाऊन माणसे दगावली. या विषावर हिराकस चालत नाही. कळवणात मका भरपूर, आणि काढणीला पावसाने गाठले की तो ओला राहतो. "माणसांनी खायचा नाही, मग टाका कोंबड्यांना" असे म्हणू नका. कोंबडीच्या पिल्लालाही ते विष बाधते.

मग कोंबडीला घालावे काय? दारात फिरणारी गावठी कोंबडी आपले निम्मे पोट स्वतःच भरते: किडे, गांडुळे, वाळवी, कोवळे गवत, सांडलेले दाणे. तिला संध्याकाळी मूठभर भरडलेला कोरडा मका किंवा बाजरी, त्यात थोडी सोयाबीनची नाहीतर सूर्यफुलाची पेंड, जमेल तेव्हा सुकटीचा चुरा आणि शिंपल्यांची भुकटी. एवढे पुरते. पिल्लांना पहिले दोन महिने जरा हात सैल सोडावा. तेवढ्यासाठी विकतचे तयार खाद्य आणले तरी ते महाग पडत नाही, कारण पिल्लाला लागते किती?

शास्त्रज्ञ स्वस्थ बसलेले नाहीत. मुंबईला माटुंग्यात १९२४ पासून चालत आलेली कापसाची केंद्रीय संशोधन संस्था आहे. तिथे सूक्ष्म जीवांनी पेंड आंबवून तिच्यातले गॉसिपॉल कमी करण्याची रीत बसवली आहे. म्हणजे म्हशीच्या पोटातला रांजण बाहेर मांडला म्हणा. अमेरिकेत टेक्सासला कीर्ती राठोड या मूळ भारतीय शास्त्रज्ञाने २००६ मध्ये अशी कपाशी दाखवली, की जिच्या पानांत आणि बोंडांत गॉसिपॉल तसेच राहते, कीड दूर राहते, पण सरकीत ते अगदी थोडे उतरते. २०१८ मध्ये तिच्या लागवडीला आणि २०१९ मध्ये तिची सरकी खाण्याला तिथल्या सरकारने मान्यता दिली. आपल्या पेंडीच्या दुकानात जी सरकी आहे ती मात्र ही नव्हे.

शेवटी, ज्यांनी आजवर सरकी घातली आहे त्यांनी काय करावे? आजपासून बंद करावी. कोंबड्या विकून टाकायची घाई नको. खाद्य बदलल्यावर काही आठवड्यांनी अंड्यांचा रंग सुधारतो, तुराही हळूहळू भरतो. मधल्या काळातली अंडी साठवून ठेवू नयेत आणि खुडूक कोंबडीखालीही ठेवू नयेत. अंडी किती मिळतात ते भिंतीवर रोज खडूने रेघा मारून लिहावे. तीन-चार आठवड्यांत रेघा वाढल्या नाहीत, तर दोष सरकीचा नसून दुसरा आहे असे समजून एक कोंबडी टोपलीत घालावी आणि दवाखान्यात न्यावी. सोबत खाद्याची पुडीही न्यावी. डॉक्टर ती आधी मागतील.